आईचं नाव आणि तुझी बकरी

तीर्थस्वरूप नोर्बेर दादास,

धाकट्या ओदिलकडून दोन्ही गालांवर एकेक पापी (दाढी केली असशील तर, नसेल केली तर लांबूनच नमस्कार समज). कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधतोस, की तोही गोठ्याचं दार बांधायला वापरलास? लिलियान वहिनींचा खोकला उतरला असेल अशी आशा करते. त्यांना सांग, शनिवारच्या बाजारात थंडीत उभं राहून ओरडायचं कमी केलं की घसा आपोआप बरा होईल. त्या काय ओरडतात तो विषय पुढे येणारच आहे. आमच्याकडे सगळं क्षेमकुशल. माझा गुडघा नेहमीसारखाच दुखतो, कोंबड्या अंडी घालत नाहीत, आणि मी गेले आठ-दहा दिवस नीट झोपलेले नाही. त्याचं कारण तू आहेस.

आता तू म्हणशील, एका शेतापलीकडे राहणाऱ्या भावाला ही बाई तिकीट लावून पत्र का पाठवते? हे पत्र आधी प्वातिएला जाईल, तिथे शिक्के खाईल, आणि मग पोस्टमनबाई ते माझ्याच दारावरून तुझ्याकडे आणतील, हे मला ठाऊक आहे. पण दादा, मी बोलायला तोंड उघडलं रे उघडलं की तू कानातलं यंत्र काढून खिशात टाकतोस. वर मान डोलावत राहतोस! मागच्या रविवारी मी तुला दहा मिनिटं बोलले आणि शेवटी तू म्हणालास, "हो, पाऊस पडायला हवा." तेव्हा आता वाच. पत्राला बटण नसतं.

विषय तुझ्या बकरीचा आहे. (उसासे टाकू नकोस.) त्या वर्षी 'र' अक्षर आलं होतं. देशभरच्या गोठ्यांत त्या साली जन्मलेल्या करडा-वासरांची नावं 'र'वरून ठेवायची, हा नियम काही तू केलेला नाहीस, कबूल. पण तुझ्याकडे त्या फेब्रुवारीत करडांचा नुसता पूर आला. रोझेत झाली, रूबी झाली, रेग्लिस झाली, रिबांबेल झाली, आणि शेवटच्या करडापाशी येऊन तुझं डोकं बंद पडलं. दुसरा कुणी असता तर त्याने शेजाऱ्याला विचारलं असतं. तू काय केलंस? आईला विचारलंस! आई तेव्हा नव्वदीची, चुलीशेजारी बसलेली. तिने त्या करडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझं नाव दे की. दाढी तर आमची दोघींची सारखीच आहे." झालं. तू लगेच दिलंस. अरे, आईने म्हटलं म्हणून काय झालं! आई तर एकदा म्हणाली होती, मला मेल्यावर बटाट्यांच्या वाफ्यात पुरा. ते ऐकलंस का?

बरं, ती बकरी साधी गरीब निघाली असती तर लोक विसरले असते. पण ही तुझी रादगोंद! कुठलं कुंपण तिला अडवत नाही, कुठली कडी तिला उघडता येत नाही असं नाही. सरपंचांच्या टोमॅटोंपासून बँडवाल्यांच्या टोपीपर्यंत गावात तिने काय म्हणून खाल्लं नाही? त्यात तिच्या दुधाच्या चीजला बक्षीस मिळालं, आणि तू चीजचंच नाव रादगोंद ठेवलंस, वर दाढीसकट तिचा फोटो. आता दर शनिवारी वहिनी चौकात उभ्या राहून ओरडतात, "रादगोंद घ्या! ताजी रादगोंद, मुरलेली रादगोंद, वास येणारी रादगोंद!" आई जाऊन दोन वर्षं झाली दादा. गावात आज रादगोंद म्हटलं की कुणाच्या डोळ्यासमोर आई येत नाही. बकरी येते, नाहीतर चीज येतं. मला ह्याचं फार वाईट वाटतं, आणि ते मी तुला सांगितलंही होतं, पण बहुधा तेव्हा यंत्र खिशात होतं.

आता खरी गोष्ट ऐक. आमच्या बाझिलला आणि सूनबाई आल्येनोरला मे महिन्यात मुलगी होणार, हे तुला माहीत आहे. नाव काय ठेवणार हे पॅरिसची माणसं जन्माच्या आधी कुणाला सांगत नाहीत, जसं काही शेजारचा कुणी ते चोरून नेणार आहे. पण सूनबाईंच्या पोटात ते राहिलं नाही. (नाव म्हणते आहे मी.) त्या इथे आल्या, कोट काढला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आई, आम्ही रादगोंद ठरवलंय." माझ्या हातून चमचा पडला. मला वाटलं, आमच्या पोराने आजीच्या मायेने सुचवलं असेल. कसलं काय! तिनेच शोधून काढलं होतं. त्यांच्या गल्लीतल्या पाळणाघरात म्हणे चार मुली लुईझ नावाच्या आहेत आणि तीन जाद. एका हाकेला अर्धा वर्ग वळतो. म्हणून आता तिच्या मैत्रिणी पणजीच्या ट्रंकेतली नावं काढून झटकून लेकींना घालतात. जितकं जुनं तितकं झोकदार. एकीची ओंबलीन आहे, एकीची सिदोनी. पण रादगोंद कुणाचीच नाही! हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, जणू सेलमधली एकुलती एक टोपी तिलाच मिळाली. आपण लहान असताना ह्याच नावावरून आईला इतर बायका हसायच्या, आठवतं?

आणि तिने सगळा इतिहास वाचलेला! मला ह्या नावाची आपली संतीण म्हणजे देवळातला पुतळा आणि ऑगस्टमधली सुट्टी एवढंच ठाऊक. ही मला सांगते, दीड हजार वर्षांपूर्वीची जर्मन राजकन्या, पोरवयात राजा क्लोतेरने लढाईच्या लुटीत उचलून आणली, मग तिच्याशी लग्न केलं, वर तिच्या भावाला मारवलं. तेव्हा ही बाई उठली आणि राजवाडा सोडून सरळ चालू लागली. राजा मागे, ही पुढे. वाटेत एक शेतकरी ओट पेरत होता. ही म्हणाली, "कुणी विचारलं तर सांग, पेरणी झाल्यापासून इथून कुणी गेलं नाही." आणि ओट तिथल्या तिथे डोक्याएवढे वाढले, ही त्यात लपली, राजा हात हलवत परत. मग प्वातिएला येऊन तिने बायकांचा मठ काढला आणि पुन्हा कुणा नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही. "नवऱ्याला सोडून जाणारी राणी, आई! काय नाव आहे!" असं आल्येनोर म्हणाली, आणि आमचा बाझिल शेजारी बसून कौतुकाने मान हलवत होता. (हा गुण त्याने मामाकडून घेतला.) मी तिला सांगितलं, माझ्या आईचं नाव. ती म्हणाली, "माहितीये, म्हणून तर जास्तच आवडलं." मी तिला जवळ घेतलं आणि रडले, खरंच सांगते.

मग भांडी घासताना बाझिलने माझ्या कानाशी लागून सांगितलं, "आई, तिला बकरीचं माहीत नाही." पाच वर्षं लग्नाला झाली आणि ह्याने बायकोला बकरीचं नाव सांगितलेलं नाही! मी विचारलं, का रे? तर म्हणे, विषय निघाला नाही. त्या क्षणापासून माझे दोन दिवस कसे गेले ते मला ठाऊक. फ्रिजमधल्या तुझ्या चीजच्या डब्या मी धुण्याच्या टोपलीत लपवल्या. (बाझिलच्या शर्टांना अजून वास येतो.) शनिवारी तिला बाजारात जायचं होतं. मी म्हटलं, नको बाई, गरोदर बाईला कच्च्या दुधाचं चीज वर्ज्य. ती म्हणाली, "खाणार नाही, नुसती बघेन." मी म्हटलं, वाससुद्धा वर्ज्य! डॉक्टरीण असल्यासारखं ठणकावून सांगितलं. तिला गुंतवायला म्हणून आपला चीजचा केक, काळ्या टोपीचा तूर्तो, भाजला, तर तिने बिचारीने मला वाईट वाटू नये म्हणून वरचा सगळा काळा भाग सुरीने हळूच खरवडून काढला आणि म्हणाली, "ओव्हन जरा जास्त तापतो का तुमचा?" तो जळलेलाच असायला लागतो, हे तिला सांगायचंही मला सुचलं नाही, कारण तेवढ्यात खिडकीतून तुझा ट्रॅक्टर दिसला आणि त्याच्या मागे ती दाढी.

पण नशिबात असतं ते कुठे चुकतं. फेब्रुवारीअखेर, संतिणीच्या ओटांचा दिवस. पुस्तकात वाचून सूनबाईंनी हट्ट धरला की शेताकडेच्या देवळात जाऊन संतिणीच्या पायाशी मूठभर ओट ठेवायचे, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. मला तर बरंच वाटलं. हल्ली तिथे मार्सेलीन आणि आम्ही दोघी-तिघी म्हाताऱ्या सोडल्या तर कोण जातं? कागदी पिशवीत ओट घेतले, निघालो. देवळाचं दार उघडंच होतं आणि आतून चावीवाल्या मार्सेलीनचा आवाज येत होता, "रादगोंद! निर्लज्ज कुठली! उतर खाली! देवाच्या ताटातलं खातेस? थोबाड फोडीन!" आल्येनोर दारातच थबकली. मला हळूच विचारते, "आई, ह्या आजी संतिणीशी असं बोलतात?" मी म्हटलं, "आमच्याकडे संतांशी घरोबा असतो गं."

तेवढ्यात घंटी वाजवत तुझी लाडकी बाहेर आली. तोंडात गावचे ओट, एका शिंगावर संतिणीचा कागदी फुलांचा हार. आमच्यासमोर उभी राहिली, सूनबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, तिच्या हातातली पिशवी दातांनी अलगद काढून घेतली आणि निघून गेली. मागून मार्सेलीन झाडू घेऊन! आणि त्या बाईच्या जिभेला हाड आहे का? आल्येनोरने विचारायचा अवकाश, तिने सगळं सांगितलं: 'र'चं साल, आईची दाढी, चीज, बक्षीस, बँडवाल्यांची टोपी. आणि शेवटी, "आता ह्या नावाचं गावात दुसरं कुणी उरलेलं नाही हो!"

सूनबाईंनी घरी येताच बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. दारात मला पापी देऊन एवढंच म्हणाली, "मी विचार करते." विचार करते म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगायला नको. जाताना गाडीत बाझिल मला दिसू नये म्हणून खाली वाकून बसला होता.

म्हणून दादा, हात जोडून सांगते, त्या बकरीचं नाव बदल. नियम मोडू नकोस, 'र'वरूनच ठेव. रोकफोर ठेव. (मेंढीच्या चीजचं नाव बकरीला देणार नाहीस, ठाऊक आहे. मग रुबार्ब ठेव. ती आंबट देठांची भाजीही तिने खाल्लेलीच आहे.) चीजवरचा कागदही बदल. खर्च झाला तर कुरकुर करू नकोस. आईचं नाव एका माणसाला मिळायची एवढीच वेळ आहे. ती गेली की मग ते कायमचं तुझ्या डबीवर.

वहिनींना नमस्कार. पट्टा बांध.

तुझी,
ओदिल

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते किटलीच्या वाफेवर उघडून हे लिहिते. आल्येनोरचा फोन आला होता. नाव पक्कं, रादगोंदच! मी म्हटलं, अगं पण बकरी? ती म्हणाली, "आई, आठवडाभर मला तिचाच चेहरा दिसतोय. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझी मुलगी एवढी बेडर झाली तर मला आणखी काय हवं?" राणीपेक्षा तुझ्या बकरीनेच काम केलं म्हणायचं. बाळंतपण झालं की कच्च्या दुधाचं चालतं ना, असं विचारून तिने सहा चीजही सांगून ठेवली आहेत, मुरलेली. तूर्तोबद्दल मात्र ती अजून मला ओव्हन दुरुस्त करणाऱ्याचा नंबर पाठवते आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा वर लिहिलेलं सगळं खोडलेलं समज. नाव बदलू नकोस. आणि खरं सांगायचं तर, सूनबाई नको म्हणाली असती तरी मी हे पत्र टाकलं असतं की नाही, देव जाणे. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी तू बांधावर येऊन हाक मारतोस ना, "रादगोंद, चल घरी!" बाबा शेतातून यायचे तेव्हा आईला ज्या आवाजात हाक मारायचे, अगदी तसाच आवाज आहे तुझा. तुला ते माहीत नाही, कारण तुला स्वतःचंही ऐकू येत नाही. मी रोज त्या वेळेला हातातलं काम ठेवते आणि दारात येऊन उभी राहते. थंडी असली तरी.

ऑगस्टमध्ये ती लोकं बाळाला घेऊन येतील. त्या संध्याकाळी हाक जरा मोठ्याने मार, आणि यंत्र कानात ठेव. मी तिला कडेवर घेऊन दारात उभी असेन, आणि ह्या घरातून आम्ही दोघी ओ देऊ.