जलपर्णीची कबुली

अहो,

येत्या रविवारी तळ्याकाठी तुमच्या नावाची पाटी लागतेय आणि त्यानिमित्त माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, सगळं. म्हणून आज लिहायला बसले. लोकांसमोर उभं राहण्याआधी तुम्हाला सांगायला हवं.

तळ्यात जलपर्णी कोणी टाकली, हे तुम्ही शेवटपर्यंत शोधत होता ना? मी टाकली.

आता तिथे तुमचं ब्लडप्रेशर वाढायचं नाही, म्हणून धीर झाला.

पाणीगेटची खोली सोडून आपण गोत्रीच्या नव्या सोसायटीत आलो, त्या वर्षीची गोष्ट. घडियाळी पोळाच्या गल्लीतल्या वहिनींनी मला बादलीतून एक रोप दिलं होतं. पाण्यावर तरंगणारं, जांभळ्या फुलांचं. मी ते गच्चीवर टबात ठेवलं. तुमचे गुडघे गच्चीपर्यंत कधी चढलेच नाहीत, तुम्हाला कुठून कळणार? गणपतीत रोज एक तुरा बाप्पाला वाहिला. टब भरून वाहायला लागला. आता देवाला फुलं देणारं झाड कचऱ्यात कसं टाकायचं? कोणाच्या पायाखाली आलं तर? विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याबरोबर दिलं तळ्यात सोडून. वर नमस्कारही केला!

पुढच्या गणपतीला मूर्ती बुडवायला पाणीच दिसेना.

तुम्ही संशय घेतलात शेजारच्या कांतिभाईंवर. का, तर त्यांच्या घरी माशांची काचपेटी होती. तीन वर्षं बोलला नाहीत त्यांच्याशी. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, त्यांनी पाठवलेला उंधियूच्या भाजीचा डबा तसाच परत केलात. आणि मी? मी मूग गिळून बसले.

रिफायनरीतून निवृत्त झालात, पण तुमची शिफ्ट काही सुटली नाही. रविवारी सगळी सोसायटी केबलला चिकटलेली असायची, तेव्हा तुम्ही खाकी हाफपँट घालून, मच्छरदाणीच्या काठीला आकडा बांधून तळ्यात. काढलेलं रोप मुळं वर करून उन्हात वाळवायचं, नाहीतर ते पुन्हा जीव धरतं, हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंत की लोक तुम्हाला पाहून वाट बदलायचे. एकदा ओंडका समजून आकडा टाकलात तो पुरात नदीतून आलेल्या मगरीला! तिलाही तुम्ही "बाजूला हो" म्हणून दटावलंत म्हणे. ती तेवढी मुकाट्याने गेली.

मी आपली तळ्यावर पोहे पाठवत होते. मन जास्त खायला लागलं तशी थालीपीठं, पुढे श्रीखंड-पुरी. तुम्ही चारचौघांत सांगायचात, बायको असावी तर अशी. अहो, ते ऐकलं की मी पुढच्या रविवारी आणखी एक पदार्थ वाढवायचे.

मग तळं मोकळं झालं. काठावरची वेडी बाभूळ काढून तुम्ही जांभूळ आणि करंज लावलेत. कुमुदाची पांढरी फुलं मात्र कोणी न लावता उगवली, आणि त्यांच्या पानांवरून चालत कमळपक्षी आला. त्या सकाळी मला स्कूटरवर बसवून मुद्दाम दाखवायला नेलंत. म्हणालात, "बघ, इथलीच होती ती. आपण फक्त जागा मोकळी करून दिली."

तेव्हाच सांगणार होते हो. तोंडही उघडलं होतं. पण तुम्ही इतके खूष होता!

परवा कांतिभाई आले. "भाभी, शाल तो हुं ज ओढाडीश," म्हणाले. म्हणजे शाल तेच घालणार! माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, तुमच्या आठवणीने. तेही खोटं नव्हतं.

तुम्ही रागवाल म्हणून इतकी वर्षं भ्यायले. आता वाटतं, एकदा रागवून घ्यायला हवं होतं. तुमच्याइतकं मनापासून रागवणारं आता घरात कोण आहे?

तर वचन देते. रविवारी माईकवर, माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, सगळं सांगेन आणि ती शाल कांतिभाईंच्या खांद्यावर घालीन. उंधियू मागून घेईन. निर्माल्य यापुढे तुमच्या जांभळाच्या बुंध्याशी पुरीन.

आणि हो, गच्चीवरच्या टबात एक रोप अजून आहे. ओरडू नका. आज त्याला कळी आलीय. उद्या फूल उमललं की तेवढं पाहून मग...

नाही. हे पत्र ठेवते आणि आत्ताच वर जाते. मुळं वर करूनच वाळवीन.

तुमचीच,
सुमन