रविवारचा तिसरा तास

अल् घुब्रा, मस्कत

तीर्थरूप जयवंतीआत्यास यशश्रीचा वाकून नमस्कार.

रविवार आठवड्याचा पहिला दिवस की शेवटचा? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही, हे आधीच कबूल करते. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस?

देवेशकडून तुझा निरोप मिळाला, "तिला म्हणावं, वेळ नसेल तर राहू दे." तो मनाला लागला, म्हणून हे पत्र सुट्टीवर गावी निघालेल्या रविकांतदादांच्या हाती पाठवते आहे. (देवेशला सांगितलं असतं तर त्याने दोन शब्दांत उरकलं असतं.) आत्या, त्याचा फोन घरी असतो फक्त रविवारी सकाळी, एरवी रात्र होईपर्यंत तो काजूच्या कारखान्यात, त्याच्या खिशात. आणि इथे रविवारी शाळा भरते, सुट्टी शुक्रवार-शनिवारी. तू इस्त्रीची साडी नेसून फोनपुढे बसतेस, तेव्हा मी पहिलीला बेरीज शिकवत असते.

त्यातच आमच्या सुपरवायझर खुदेजामॅडमनी वर्गाचं वेळापत्रक करायला सांगितलं. "ऐसा बनाओ कि बच्चा भी पढ़ ले." शिक्षणाची सुरुवात स्पष्टतेपासून होते, असं मी मानते (बी.एड.च्या पेपरात हेच लिहिलं होतं, मार्क बरे पडले). म्हणून मोठी अक्षरं काढली. गणिताला मणी, चित्रकलेला ब्रश, खेळाला चेंडू. सुरुवात सोमवारपासून केली आणि रविवार सगळ्यात खाली, लाल रंगात. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात असतो तसा. हात आपोआपच लाल पेनाकडे गेला गं.

रविवारी अर्धे बाक रिकामे. ज्यांच्या घरी पुण्या-मुंबईहून आजी-आजोबा आले होते, ती सगळी मुलं गैरहजर. दुसऱ्या दिवशी अनयच्या आजी मलाच बोलल्या, "अहो, लाल रविवारी कोणी पोराला शाळेत पाठवतं का?" त्यांच्यामागून अनय म्हणाला, "टीचर, युअर टाइमटेबल इज व्हेरी क्लिअर." खुदेजामॅडम कागद बघून म्हणाल्या, "बेटा, टाइमटेबल माँगा था, तुमने तो कैलेंडर दे दिया," आणि हसू दाबत निघून गेल्या. मला हसता आलं नाही. तो लाल रविवार बघून तू आठवलीस.

मग नवं केलं. रविवार सगळ्यात वर, काळा. शुक्रवार-शनिवार लाल. मणी, ब्रश, चेंडू तसेच ठेवले. आता अनय बोट ठेवून न अडखळता वाचतो, आणि मॅडमनी शिक्षकांचं वेळापत्रकही माझ्याकडे दिलंय. ते करणाऱ्याने स्वतःची सोय बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुझी,
यशश्री

ता. क. गुरुवारचा शेवटचा तास इथे कोणालाच नको असतो. सुट्टी तोंडावर आलेली, मुलं बाकांवर कमी आणि बाकांखाली जास्त. तो बिचाऱ्या हुसेनसरांकडे होता.

आणखी ता. क. तो मी घेतला. बदल्यात रविवारचा माझा तिसरा तास त्यांना दिला. तुझ्याकडे तेव्हा दहा वाजून गेलेले असतील, तर येत्या रविवारी साडी नेसून बस. "इन्शाल्ला" वगैरे नाही. मॅडमची सही झाली, कागद भिंतीवर लागला, आणि माझ्या प्रतीतली ती एक चौकट मी लाल रंगवली आहे.