नाल्याकडच्या झाडाची ओळ

तर मन्सूर, काल तू म्हणला ना, "परत येणारच आहेस तर कागद काऊन करून राह्यला?" त्याचं उत्तर असं, की परत आलो तर हा कागद चुलीत घालू अन् दोघं मिळून हसू. नाई आलो तर तुले बैठकीत वाचून दाखवावा लागेल. म्हणून साधं लिहितो.

मी वामन नानाजी निकुरे, वय बावीस, राहणार मूल, जिल्हा चांदा. डोकं ठिकाणावर आहे, ताप नाई, कोणी धाक दाखवला नाई. माझ्या मागं माझ्या चीजवस्तूंचं असं करावं.

एक. चाबीचा ग्रामोफोन घड्याळवाल्या मन्सूरले द्यावा. स्प्रिंग तुटली तेव्हा यानंच बसवून दिली. तेव्हापासून हर गाणं शेवटी जरा रडकं होते, पण वाजते. सुया संपल्या तर बाभळीचा काटा लावायचा. गंजकी सुई लावशील तर भूत होऊन कान पकडीन.

दोन. रेकॉर्डी सगळ्या आपल्या रविवारच्या बैठकीच्या. नियम तोच राहील. दर वेळी एकानं असं गाणं आणायचं जे बाकीच्यांनी ऐकलं नाई, अन् आवडो न आवडो, मधात सुई उचलायची नाई.

तीन. राइस मिलचे मुनीम गुणवंतराव यांले तडा गेलेली रेकॉर्ड द्यावी. जंगलातल्या बुधरीच्या टोल्यातलं, म्हणजे तिच्या गोंड वस्तीतलं, गाणं मी बैठकीत म्हणून दाखवलं, तेव्हा हेच हसले होते. "वामनराव, इंग्रजी शाळा शिकून बायांचा गलका ऐकाले जंगलात जाता काय? ते गाणं नव्हे, हाका आहेत." ती रेकॉर्ड टकटक करंल तेव्हा त्यांनी हे आठवावं. पण गुणवंतराव, तुमचं बरोबर होतं. त्या हाकाच आहेत. मले उशिरा कळलं.

ज्यांले माहीत नाई त्यांच्यासाठी लिहितो. टोल्यातल्या बाया मोहफुलं वेचाले तांबडं फुटायच्या आधी जातात. हर बाईचं झाड ठरलेलं, अन् हर झाडाची गोंडीतली एक ओळ. एकीनं आपली म्हणायची, मंग पुढच्या झाडाखालची तिची म्हणते, असं फिरत फिरत गाणं पहिलीकडे परत येते. अंधुकात कोणी कोणाले दिसत नाई. ओळ आली म्हणजे बाई आहे. असं गाणं आपल्या एकाही रेकॉर्डीत नाई, मन्सूर.

त्यातल्या चंदाचं झाड सगळ्यात शेवटचं, नाल्याकडचं. तिच्या ओळीचा अर्थ, "नाल्याचं पाणी थंड आहे, मी इथीच आहे." होळीनंतर एका पहाटे "पाणी थंड आहे" इतकंच आलं. वाघानं तिले नाल्यापलीकडे नेलं.

ओळ रिकामी झाली म्हणून गाणं बंद पडलं. बाया मुक्यानं वेचू लागल्या. पोटासाठी जावंच लागते. मंग टोल्यातल्या इसरूची बायकोही वाघानं नेली, तीही मुक्यानंच. ऊन वर आल्यावर तिची टोपली दिसली, तेव्हा बाकीच्यांले कळलं. चांद्याहून शिकारी बोलावला आहे. तो अजून येऊनच राह्यला.

मी बुधरीले म्हणलो, "रिकामी आहे तर मी म्हणतो ना. मले पाठ आहे."

मले वाटलं, शाळेच्या कॉयरमधी कोणी आजारी पडलं का दुसरा उभा राह्यचा, तसंच. बुधरी आत गेली अन् चंदाची टोपली आणून माझ्या हातात दिली.

"बाबू, ओळ तोंडानं नाई घेत. झाडाखाली उभं राहून घेतात."

"राहीन की उभा."

"तुझी ओळ नाई आली तं आमी पाहाले नाई येत. पळतो. त्या ओळीचं काम तेच आहे."

"अन् मी नाई म्हणलो तर?"

"तं मी उभी राहीन. माझ्या झाडाखाली माझी पोरगी." मंग ती हसली. "तुझ्या पायात जोडे आहेत बाबू, तू घरी जा."

टोपली मी परत केली नाई. उद्या पहाटे जातो.

चार. सायकल बाबांले. बाबा, मिलमधी कोणालेही द्या, पण भंगारात विकू नका. आईनं विचारलं तर सांगा, गाणं ऐकाले गेला. हे खोटं नाई.

सही: वामन नानाजी निकुरे

साक्षीदार: गुलाम रसूल, शिंपी, मूल. लटारू गेडाम, हमाल, मूल. (दोघांनी कागद वाचला नाई, माझी सही होताना पाहिली.)

मुक्काम मूल, ता. ९ एप्रिल १९५७

पाचवं कलम सह्या झाल्यावर लिहून राह्यलो, कारण साक्षीदारांसमोर हात चालला नाई. मी नाई आलो तर ती ओळ पुन्हा रिकामी होईल, अन् बुधरी तिथी जाऊन उभी राहील. पुढं ती कोणाले द्यावी म्हणून पेन उचलला, तर तुझंच नाव येऊन राह्यलं होतं. बैठकीत सच्चा सूर तुझाच आहे, अन् एकदा ऐकलेलं तू विसरत नाई. पण लिहिलं नाई. तेवढी जागा कोरी सोडली आहे. मन्सूर, तिथी कोणाचं नाव असावं, का कोणाचंच नसावं? तुले काय वाटते?