पानी उनं का?

ती. रतिलालभाऊंना धाकट्या निंबाचा सुरतेच्या दिशेनं वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. केळी जोरात आहे. वहिनींच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का, ते बेबाबाईनं (म्हणजे माझ्या घरच्या मुख्यमंत्र्यांनी) विचारलं आहे. तुमच्या पत्रातली तक्रारही वाचली, तिच्याकडे येतोच.

तुम्ही पाठवलेला बटणांचा फोन लागला. एकच बटण दाबलं की थेट तुमच्या घरी घंटी, ही युक्ती नामी. नानांना आता आकडे आठवत नाहीत (जेवून हात धुतले की ‘आज चूल पेटनी नही का?’ विचारतात, तिथे आकड्यांचं काय घेऊन बसलात!). पण तुमचं नाव तेवढं पक्कं. संध्याकाळ झाली की ‘रती कोठे शे?’ सुरू. सुरतेला आहे म्हटलं की वहाणा घालून निघतात. एकदा तर शिरपूरच्या स्टँडवरून परत आणले. जीव टांगणीला लागतो, भाऊ.

बटण ओळखू यावं म्हणून बेबाबाईनं त्यावर स्वतःची लाल टिकली लावली. नानांनी हात जोडले. दाबा म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारले, “देवले बोट टोचस का रे?” दुसऱ्या दिवशी फोनपुढे जास्वंदीचं फूल आणि उदबत्ती. टिकली काढून तुमचा फोटो लावावा, तर घरात तुमचा एकच, लग्नातला. मुंडावळ्यांत तोंडच दिसत नाही.

शेवटी विहिरीवर मोटर सुरू करताना माझं डोकं चाललं. नाना सगळं विसरले, स्टार्टर विसरले नाहीत. हिरवं चालू, लाल बंद. घरी येऊन तुमच्या बटणाला हिरवा ऑइलपेंट फासला आणि रिसीव्हर ठेवायच्या खटक्याला लाल. नानांचा अंगठा न सांगता हिरव्यावर गेला! आता रोज संध्याकाळी मी रिसीव्हर हातात देतो आणि म्हशीचं दूध काढायला जातो (बापलेकांच्या बोलण्यात कान कशाला घाला?). वहाणा दारातच राहतात. फक्त अलीकडे फोन झाला की नाना लाल दाबून गप्प बसतात. काल जेवलेही नाहीत.

तुमचा,
निंबा

ता. क. तुम्ही लिहिता, रोज संध्याकाळी कोणी पिसाट फोनवर “पानी उनं का?” ओरडतो, तुम्ही राँग नंबर म्हणून आपटता, आणि परवा शिवीही हासडलीत. लाइनीला खरखर असते, कबूल. पण भाऊ, तो पिसाट आपला बाप आहे. हिरवं दाबलं की त्यांच्या मनात मोटर सुरू होते, आणि केळीच्या पार टोकाला पाण्याची दारं धरून त्यांचा रती उभा असतो, पाणी आलं की ओरडून सांगायला.

ता. ता. क. मीच फोन करून सांगितलं असतं, पण नाना बटणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, “घडीघडी चालू करू नको, मोटर जळी जाई.” तेव्हा पत्र मिळेल त्या संध्याकाळी घंटी वाजली की दुसरं काही विचारू नका, मोठ्यानं एवढंच ओरडा: “उनं, नाना!” मग ते लाल दाबतील आणि जेवायला बसतील.