आईच्या प्लेअरचं पार्सल

धाकट्या,

टेबलावरचा खोका आज कुरिअरमध्ये दे. ताईच्या घरून आईने कीर्तनं ऐकायचा प्लेअर मागवलाय, म्हणजे मुक्काम वाढला असंच धरायचं.

मागच्या वेळी तू "नुसते कपडे आहेत" असं ठोकून दिलंस आणि पार्सल परत आलं. आज आत बॅटऱ्या आहेत हे आपणहून सांग. देव एकवेळ माफ करेल, काउंटरवरच्या बाई नाही करणार.

प्लेअर बंद केलाय आणि बटण दाबलं जाऊ नये म्हणून वर पुठ्ठा बांधलाय. जादाच्या दोन बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगवेगळ्या पिशव्यांत घातल्यात. एकमेकींना टेकल्या तर पेट घेतात. एक जुनी बॅटरी फुगलीय, ती पाठवता येत नाही. ती गॅलरीत वाळूच्या डब्यात आहे, हात लावू नकोस.

मी कीर्तनाला जातोय. प्लेअर खोक्यात गेल्यापासून घर फारच गप्प झालंय. बुवा रंगले तर उशीर होईल, तू जेवून घे.

आईचा फोन आला तर कधी येणार ते सहज विचार. मी विचारलं की ती "बघू" म्हणते. तुला कदाचित खरं सांगेल.

बाबा