दोरी न मारलेली रेघ

सोलापूर,
१२ जून २०२४

चि. सोनालीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला जुळे सोलापूर भागात एक आजी आहे, तिचं नाव केराबाई, दात चार, गुडघे दोन आणि दोन्ही दुखरे, एवढं आठवत असेल तर पुढं वाच. आठवत नसेल तरी वाच. सांगून सांगून माझा घसा सुकलाय, तो फुकट जायला नको.

पत्र शेजारची अजीजा लिहिते आहे. मी सांगते, ती शिलाई मशीन थांबवून लिहिते. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. म्हणते, शाळेत ‘हाय’ लिहिलं की मार पडायचा, अजून हात धजत नाही. मला काय, वाचता येत नाही. ती लिहील ते खरं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. त्याला कारण माझा शहाजी, तुझा बाप. त्यानं तुझ्या आईला शपथ घातली आहे, सोनालीला फोनवर यातलं काही सांगायचं नाही म्हणून. मला घातली नाही, कारण मला फोन लावता येत नाही. पत्र त्याच्या ध्यानातच आलं नाही. पोरगं लहानपणापासून असंच आहे, पुढचं दार लावतं आणि परसदार उघडं ठेवतं.

तर ऐक. शहाजीचा उजवा हात कापतो. दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. जिवाला धोका नाही म्हणाले, पण हात पहिल्यासारखा होईल अशी आशा धरू नका म्हणाले. तो लोकांना सांगतो, फ्लेक्स आले, हातानं रंगवलेले बोर्ड सगळ्यांना नको झाले, म्हणून काम सोडलं. अगं, फ्लेक्स येऊन किती वर्षं झाली! त्यातच त्यानं तुला शिकवलं आणि ह्या खोल्याही बांधल्या. काम कमी झालं होतं, संपलं नव्हतं.

संपलं ते दुधनीत. तिथल्या चनमल्लप्पाला आडतीच्या दुकानावर हातानंच रंगवलेला बोर्ड हवा होता. तुला ठाऊकच आहे, बाकीचे पेंटर खडूची दोरी ताणून फळीवर मारतात, सरळ खूण उमटवतात आणि मग रंगवतात. तुझ्या बापानं जन्मात दोरी मारली नाही. अक्षरांच्या डोक्यावरची ती आडवी रेघ तो एका दमात ओढायचा आणि शिडीवरून उतरून मिशीवर हात फिरवायचा. दुधनीत ती रेघ वाकडी आली. पुसून पुन्हा ओढली, पुन्हा तशीच. चनमल्लप्पा भला माणूस. काही बोलला नाही, चहा पाजला आणि तसाच बोर्ड लावून घेतला. तेच शहाजीला लागलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर हाही दोन देऊन मोकळा झाला असता की.

आता घरातसुद्धा हात खिशात घालून फिरतो. मी म्हटलं, माझी मान हलते, मी मान कुठल्या खिशात घालू? हसला नाही. हसला नाही म्हणून तर हे पत्र. हात गेला तर जाऊ दे, पण माझा लेक भिंतीकडं तोंड करून बसलाय, तो तसाच बसून राहील याची मला धास्ती आहे. तू शिकलेली आहेस. काहीतरी शोध.

लोभ आहेच. कमी करायचा झाला तर आधी आजीला विचारायचं, परस्पर करायचा नाही.

तुझी आजी केराबाई
(अंगठा उठवणार होते. अजीजा म्हणते, पत्राला लागत नाही.)


पुणे,
२० जून २०२४

ती. आजीस सोनालीचा शिरसाष्टांग नमस्कार. अजीजामावशी, तुम्हालाही. हे वाचून दाखवताना आजीनं मध्ये बोलू नये, असं तिला माझ्या वतीनं दटावा.

पत्र वाचून मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. वर्षभर मला वाटत होतं की अण्णा माझ्यावर रागावलेत. मी ब्रश सोडून कॉम्प्युटरवर चित्रं काढायला लागले तेव्हा ते म्हणाले होते, जी रेघ बटण दाबून मागं घेता येते तिच्यात भीती नसते, आणि भीती नसली की चव नसते. तेव्हापासून फोनवर ते जेवलीस का एवढंच विचारतात आणि आईकडे देतात. मीही जास्त काही विचारलं नाही. बोर्ड बंद झाले, त्यात ते बंद पाडणारा कॉम्प्युटरच आपल्या मुलीनं धरला, असं त्यांना वाटत असणार, असं मीच ठरवून टाकलं. हाताचं मनातही आलं नाही.

माझा जुना टॅबलेट पाठवते आहे. काचेच्या पाटीसारखा आहे, त्यावर पेननं चित्र काढतात. त्यात एक सोय असते. हात कापला तरी रेघ सरळ येते. शंभरावर ठेवली की पूर्ण सरळ, शून्यावर ठेवली की जसा हात तशी रेघ. मी शंभरावर ठेवून पाठवते. अण्णांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या हातून एकदा सरळ रेघ उमटू दे, धीर आला की पुढचं मी सांगेन.

इथं आमच्याकडे धनगराच्या मुलीवर लहान मुलांचं पुस्तक चाललंय. माझ्या चित्रांची दोन पानं छापून पार्सलमध्ये घातली आहेत. तुझं बालपण मंद्रूपला मेंढरांमागं गेलं, तेव्हा मेंढरं कशी झालीत ते कळव. चेष्टा कमी कर.

तुझा राग आणि माया दोन्ही हवेत, दोन्ही पाठवत राहा.

तुझी सोनाली


सोलापूर,
४ जुलै २०२४

चि. सोनालीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

आधी मेंढरं. चाळीसेक आहेत. सगळी एका आईच्या पोटी एका घटकेला झालेली दिसतात. एकीला काढलंस आणि बाकीच्या तिच्याच सावल्या. लोकर अशी गुळगुळीत, जणू गवंड्यानं गिलावा केलाय. कोपऱ्यातलं कुत्रं मात्र लई छान जमलंय म्हटलं, तर अजीजा म्हणाली तो बोकड आहे. असो. डोळ्यात मोती वाढतोय, त्याच्यावर ढकल.

आता पाटीचं. शहाजीनं खोकं उघडून बघितलं आणि कपाटावर ठेवून दिलं. काम सुटलं म्हणून लेकीनं दया पाठवली, एवढंच म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी तुझ्या आईकडून ती खाली काढून घेतली आणि दारात बसून स्वतः गिरवायला लागले. माझ्या हाताला कधी पेन्सिल माहीत नाही, आणि बघते तर काय, रेघा कशा तुळतुळीत! मी एक मेंढी काढली. तिला पाय पाच झाले. शहाजी येता-जाता बघत होता. पाचवा पाय बघितल्यावर त्याला राहवेना. खिशातून हात निघाला, पेन माझ्याकडून ओढून घेतलं.

त्यानं आधी आडवी रेघ ओढली, बोर्डावरची ओढायचा तशी. हात लटपटत होता, मी डोळ्यांनी बघितलं. पण काचेवर रेघ सरळ. मला वाटलं, आता मिशीवर हात फिरवेल. त्यानं पुन्हा एक ओढली. मग मुद्दाम हात वेडावाकडा हलवून ओढली. तीही सरळ. तेव्हा त्याचं तोंड उतरलं गं. म्हणाला, आत दुसराच कुणी पेंटर बसलाय आणि माझा हात धरून काढतोय. मग माझ्याकडं बघून विचारलं, तिला कुणी सांगितलं? तुझ्या आईनं दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, मला शपथ घातली नव्हतीस. आता दोन दिवस माझ्याशी अबोला आहे. जेवायला बोलावलं की भिंतीला उत्तर देतो.

तुझी युक्ती चांगली होती, मीही तिच्यात सामील होते. पण फसवून उभा केलेला माणूस दुप्पट बसतो, हे आपल्या दोघींना सुचलं नाही. आता जे लिहायचं ते त्याला लिही, मला नको. अजीजा त्याच्यासमोर मोठ्यानं वाचेल. तिचा आवाज मशीनवरून गल्लीच्या टोकापर्यंत जातो, ऐकलं नाही म्हणायला त्याला जागा राहणार नाही.

माझी आठवण ठेव, आणि नाही राहिली तर ठेवल्यासारखं तरी कर.

तुझी आजी केराबाई


पुणे,
११ जुलै २०२४

ती. अण्णांस सोनालीचा शि. सा. नमस्कार.

आजीला रागावू नका, युक्ती माझी होती. तुमच्यापासून लपवलं ते चुकलं. पण तुम्हीही माझ्यापासून इतके महिने लपवलंत, तेव्हा फिटंफिट.

एक सांगायचं आहे, ते फोनवर जमलं नसतं. तुमचा हात कापतो म्हणून मी ती सोय लावून पाठवली. माझा हात कापत नाही, तरी मी ती सोय चालूच ठेवते. सत्तरच्या खाली कधी आणलेली नाही. रेघ वाकडी गेली तर पुसता येते हे माहीत असूनही ती वाकडी जाऊ नये याची मला धास्ती वाटते. भीती नसते असं तुम्ही म्हणाला होतात. असते अण्णा, दुसरीच असते. माझ्या चित्रांची ऑफिसात तारीफ होते, पण एखादी रेघ दाखवून ही सोनालीची असं कुणी म्हणणार नाही. तुमचे बोर्ड मात्र मी लहानपणी रिक्षातून जाताना ओळखायची, अक्षर लागायच्याही आधी.

आजीनं मेंढरांना गिलावा म्हटलंय. खरं आहे. मी आठवडाभर खपले, मला जमत नाहीत. दया म्हणून पाटी पाठवली असेल, पण हे मागणं दयेचं नाही. मला एक मेंढी काढून द्या. वरच्या कोपऱ्यात पट्टी आहे, बोटानं शून्यावर ओढली की आतला पेंटर उठून जातो. ठेवायचा की घालवायचा, ते तुमच्या हातात आहे. नाही जमली तर नाही म्हणा, पण तुम्ही स्वतः म्हणा.

तुमचा राग असला तरी मी अजून तुमचीच आहे, हे धरून चाला.

सोनाली


सोलापूर,
२ ऑगस्ट २०२४

चि. सोनालीस आजीचे भरघोस आशीर्वाद. वि. वि.

अजीजानं तुझं पत्र वाचलं तेव्हा शहाजी दाढी करत होता. वाचून संपलं तरी अर्ध्या गालाला साबण तसाच. मग तोंड धुतलं, पाटी घेतली आणि गच्चीवर गेला. मी जिना चढू शकत नाही म्हणून खालूनच हाका मारत राहिले. तो ओरडला, आई, गप बस की जरा. दोन आठवड्यांनी मला आई म्हणाला. मी गप बसले. किती वेळ बसले ते तुझ्या आईला विचार, तिनं घरात पहिल्यांदाच शांतता बघितली.

मेंढी घेऊन खाली आला. अगं, काय सांगू. त्याचा हात थरथरतो ना, ती सगळी थरथर अंगभर पसरली आहे. बारीक बारीक वळणं, कुठं गुंता, कुठं गवताचा काटा अडकल्यासारखं. लोकरच ती. हात लावला तर काच लागली तेव्हा मी चमकले. जन्मभर सरळ रेघ ओढणाऱ्या माणसाच्या हातून ही मेंढी निघाली, त्याचं त्यालाच खरं वाटेना.

पण मी लगेच चांगलं म्हटलं तर आजी कसली? म्हटलं, लोकर जमली, पाय मात्र लटपटतायत, ही मेंढी घाबरली आहे. मला वाटलं, हात परत खिशात जातोय आता. तो म्हणाला, व्हय, घाबरली आहे, पुढच्या पानावर लांडगा आहे. आणि बसला लांडगा काढत.

आता रोज बसतो. पाय काढताना तो आतल्या पेंटरला थोडा बोलावतो, लोकरीला हाकलून देतो. म्हणतो, सगळंच त्यानं सावरलं तर माझं काय राहिलं, आणि काहीच नाही सावरलं तर मेंढी उभी राहत नाही. तीन मेंढ्या झाल्या आहेत. तिन्हींची तोंडं वेगळी, एक तर थेट तुझ्या आत्यासारखी आहे, तिला दाखवू नकोस. एखाद्या दिवशी हात फारच हलतो, काहीच धड येत नाही. मग पाटी पालथी घालून उठतो, आणि तुझ्या आईवर उगाच चिडतो. ते चालायचंच. दुधनीला परत जाणार नाही म्हणतो, मीही आग्रह करत नाही. बोर्डावरची ती रेघ गेली ती गेली. मला तिचं वाईट वाटतं, त्याला तर वाटणारच.

तुला त्याचा निरोप आहे, तू सत्तरवरून पन्नासवर ये, बघूया तुझी मेंढी कशी होते. मेंढ्या तो फोनवरून पाठवणार आहे, तुमच्या साहेबांना आवडल्या तर ठीक, नाही आवडल्या तर साहेबांना एकदा मंद्रूपला घेऊन ये.

माया अशीच राहू दे, आणि पुण्यात थोडी उरली तर इकडं लावून दे.

तुझी आजी केराबाई

ता. क. शहाजी आता आमच्यात बसून चहा पितो. तुझ्या आईचं म्हणणं, त्याच्यासाठी पुण्याची कडक खारी पाठव, कारण मऊ बिस्किट त्याच्या हातातून कपात पडतं. पडलेलं बिस्किट तो खात नाही, चमच्यानं काढून मी खाते, आणि मला दात चारच आहेत. तेव्हा आईचं ऐकू नकोस. मऊच पाठव, आणि जास्त पाठव.