कुंकवाच्या डबीच्या तळाशी

काशी, १४ जानेवारी १९३५, सोमवार. संक्रांत. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. विनायकराव दारात जोडे काढत होते तेव्हा घड्याळ पाहिलं. जोडे घालून परत निघाले तेव्हा सव्वाचारही झाले नव्हते.

"बाई, आज आमच्याकडच्या हळदीकुंकवात तुमच्या डब्या वाटायच्या नाहीत, असं आईचं म्हणणं पडलं."

"का?"

"तुम्हीच पत्रात लिहिलंत ना, घडी विधवेच्या हातची म्हणून. सवाष्णींच्या हातात द्यायची वस्तू. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?"

आवाज खणखणीत. कृष्णाकाकू, माझ्या तळमजल्यावर राहतात त्या, जिन्याच्या पायरीवर वाती वळत बसलेल्या. चार हातांवर. विनायकरावांना त्या दिसत होत्या. दिसत होत्या म्हणूनच "विधवेच्या" म्हणताना त्यांनी मान तिकडे केली.

"तुमच्यावर राग नाही हं. तुम्ही आमच्या सुशीच्या बाई." सुशी म्हणजे त्यांची बायको, माझी जुनी विद्यार्थिनी. मेजावर तिळगूळ ठेवला, नमुन्याची डबी खिशात घातली आणि गेले. आज गोड बोलायचं म्हणे.

काकूंनी वातींचं सूप उचललं, आत गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ जाने., मंगळ.

सगळं पहिल्यापासून लिहिते. नाहीतर डोकं ताळ्यावर येणार नाही.

डब्यांचं वेड कॉन्व्हेंटातलं. नन्सना विलायतेहून बिस्किटांचे पत्र्याचे डबे येत. बिस्किटं त्यांची, रिकामे डबे आमचे. बाकीच्या मुली त्यात रिबिनी ठेवत, मी झाकण कसं बसतं ते पाहत बसे. तीस वर्षं चित्रकला शिकवून पेन्शनीत निघाले तरी पाय तिथेच थांबतो. पानवाला विड्याला लवंग टोचतो, फुलवाली द्रोणावर दुसरं पान उपडं घालून फुलं झाकते, मी उभी. गादीखाली उलगडलेली खोकी आहेत. मोलकरीण शेजारणीला सांगते, "बाईजी के बिस्तर में पूरी दुकान है."

भाद्रपदात वि. आले. त्यांचा कुंकवाचा कारखाना. कुंकू पुडीतून सांडतं, लुगडी खराब होतात, न सांडणारी डबी सुचवा, संक्रांतीला वाण म्हणून वाटू. दीड महिना कागद फाडले. विलायती डब्यांची नक्कल करत होते, दुसरं काय.

मग एका सकाळी काकू पंचगंगा घाटावरून अंघोळ करून आल्या. एका हातात लोटा, त्याच दंडावर ओलं आलवण. दुसऱ्या हातानं कनवटीची पळसाच्या पानाची पुडी काढली, दोन कडा दाबल्या. पुडीनं चोच उघडली. लोटा धरलेल्या अंगठ्यावर चिमूटभर तपकीर पडली. कडा सोडल्या, चोच मिटली. दोरा नाही, काडी नाही.

"काकू, हे काय?"

"तपकीर. कोणाला सांगू नकोस, मने."

"तपकीर राहू द्या. पान कसं दुमडलंत?"

"अगं, बाईचा एक हात कशात ना कशात गुंतलेला. दुसऱ्यानं उघडायला नको?"

माझ्या दीड महिन्याचं उत्तर त्या कनवटीला लावून हिंडत होत्या. तीच घडी मेणकागदी पुठ्ठ्यात आणायला आम्ही दोघी दिवाळीपर्यंत बसलो. पानाला शिरा असतात, त्या आपोआप वळतात. पुठ्ठ्याला त्या आखून द्याव्या लागल्या. कुठे, ते काकूंनी नखानं दाखवलं. पुठ्ठा, माप, वरची ठिपक्यांची नक्षी माझी. घडी त्यांची.

पहिल्या डबीत कुंकू भरलं, तेव्हाचं एक आज आठवतंय. काकूंनीच दाबून पाहिली आणि बोटाला कुंकू लागलं. त्यांनी ते बोट उन्हात धरलं. बराच वेळ. मग आलवणाला पुसलं. आलवण लाल, कुंकू लाल, काही दिसलं नाही. मी मोजपट्टी घेऊन चोचीची रुंदी मोजत होते.

१६ जाने., बुध.

काकू अंघोळीहून आल्या त्या हातात एक ओली डबी घेऊन. वि.च्या आईनं सगळ्या डब्या मुन्शी घाटावरून गंगेत सोडायला लावल्या. भरलेल्या. धुक्यातून वाहत पंचगंगा घाटापर्यंत आल्या. नावाडी वल्ह्यानं बाजूला सारत होते.

काकूंनी डबी खिडकीत ठेवली.

"पाण्यात एकसुद्धा उघडली नाही गं," म्हणाल्या.

सोमवारनंतरचं पहिलं वाक्य.

२० जाने., रवि.

काकू तपकीर आता वाण्याच्या कागदात बांधून आणतात. तोंडाला दोरा. उघडताना लोटा खाली ठेवावा लागतो. मुद्दाम माझ्यासमोर करतात की काय.

आज विचारलंच, माझ्यावर रागावलात का.

"तू त्याला पत्र लिहिलंस, मला विचारलं होतंस?"

"तुमचं श्रेय तुम्हाला मिळावं म्हणून—"

"ते नाही विचारलं मी. मला विचारलं होतंस का?"

नव्हतं.

कॉन्व्हेंटातल्या ड्रॉइंगच्या सिस्टरनं एकदा माझी वही सगळ्या वर्गासमोर फाडली होती. पाकळ्या मैत्रिणीनं काढलेल्या, खाली नाव माझं. तेव्हापासून ज्याचं काम त्याचं नाव, यात मी कधी चुकले नाही. ९ तारखेच्या पत्रात तेच केलं. "तळाशी छापावं: घडी, श्रीमती कृष्णाबाई." आणि वर ठसक्यात, की या विधवा आहेत, आणि आपल्यासारख्या सुधारलेल्या गृहस्थांना त्याचं काही वाटणार नाही. ते वाक्य काकूंसाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं होतं, आवडलं म्हणून.

२२ जाने., मंगळ.

ब्रह्मा घाटाकडे हळदीकुंकू. गेले. मला कुंकू लावतात, कारण मी कुमारिका. अठ्ठावन्न वर्षांची. लावणारीचा हात कपाळाजवळ येऊन अडखळतो, मग लावते. काकूंचं लग्न नवव्या वर्षी, नवरा गेला त्या चौदाच्या असताना. त्यांनी तो धड पाहिलाही नाही. मी कोणालाच पाहिलं नाही. त्यांच्या कपाळाला काही नाही आणि माझ्या कपाळाला सगळं. हा हिशेब मला एकदा कोणी शास्त्र्यानं समजावून सांगावा.

सुशी भेटली. खांबाआड ओढून नेलं.

"बाई, आईंनी डब्या सोडल्या, पण पुठ्ठा कापायचा साचा सोडला नाही."

"तो का नाही?"

"लोखंडाला विटाळ नसतो म्हणाल्या."

हसावं की काय करावं. सुशी हसली नाही.

२८ जाने., सोम.

ठठेरी बाजार. वि.च्या दुकानात कुंकवाची नवी डबी मांडलेली. ठिपके गेले, लक्ष्मी आली. मी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, देवाचं चित्र नको, रिकामी डबी गल्लीत पडेल, गाई-माणसं तुडवतील. असो. दोन कडा दाबल्या. चोच उघडली. सोडल्या, मिटली. काकूंची घडी, शिरेन् शीर.

तळाशी: "कल्पना – विनायकराव."

दुकानातला माणूस मलाच शिकवायला लागला. "माताजी, एक हाथ से खुलती है. मालिक का दिमाग है."

मी म्हटलं, "मालिक सुंघनी सूंघते हैं क्या?" तपकिरीचा संबंध त्याला कळला नाही.

२९ जाने., मंगळ.

वि.च्या गादीसमोर जाऊन उभी राहिले. आदरानं उठले, खुर्ची दिली, चहा मागवला. या माणसाला शिष्टाचार कोणी शिकवला, त्याला धरलं पाहिजे.

"विधवेच्या हातची घडी चालत नव्हती ना?"

"बाई, घडीला कसला हात? पुठ्ठा आहे. नाव छापलं की लोकांना हात दिसतो."

"मग तुमचं नाव छापलंत तेव्हा कोणाचा हात दिसतो?"

मग हळूच म्हणाले, "चुकलंच माझं. पुढच्या खेपेला तुमचं नाव घालू. कुमारी मनोरमाबाई, चित्रकला शिक्षिका. सगळ्या काशीत जाईल. नागपूरहून, ग्वाल्हेरहून मागणी आहे, तिकडेही जाईल."

मी चहा न घेता उठले. 'नाही' मात्र मी म्हटलं नाही.

३१ जाने., गुरु.

खोटं लिहायचं असेल तर रोजनिशी कशाला? तर लिहिते.

काल दुपारी कंपास घेऊन डबीच्या तळाएवढं वर्तुळ काढलं आणि त्यात माझं नाव बसवून पाहिलं. कडेनं वळवलेलं. मग सरळ ओळीत. मग छोट्या अक्षरांत. नीट बसतं. तीस वर्षं मुलींच्या चित्रांखाली त्यांची नावं घालायला लावली. माझं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुठे छापून आलं नाही. ग्वाल्हेर म्हणाले ते.

निम्मं काम माझं आहेच की. पुठ्ठा, मेण, माप.

आणि काकूंनीही स्वतःच म्हटलं, दुपारी, वाती वळता वळता: "घाल की तुझं नाव. मला काय वाचता येतंय?"

ते वाक्य ऐकून सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं, याचीच लाज वाटते.

वर्तुळाचा कागद अजून फाडलेला नाही.

३ फेब्रु., रवि.

आज सकाळी खाली जाऊन काकूंच्या पायरीवर बसले. म्हटलं, या वेळी विचारते. वि.ना पुन्हा पत्र लिहायचं आहे, लिहू का?

"विचारलंस, बरं केलंस." तपकीर ओढली, शिंकल्या, नाक पुसलं. "काय लिहिणार?"

मी रात्रंदिवस घोळवलेलं सगळं म्हणून दाखवलं. ढोंग, चोरी, लोखंडाचा विटाळ, सगळं. काकू शांतपणे ऐकत होत्या.

"एवढी कशाला भुंकतेस, मने? तुझं भुंकणं तो ऐकून घेईल आणि चहा मागवेल."

"मग तुमचं नाव छापायचं नाही?"

"कृष्णा नको."

मला वाटलं, घाबरल्या.

"कृष्णा त्यांनी ठेवलेलं. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं, भटजींनी वाचून दाखवलं, कृष्णा. त्या नावाचं लग्न झालं, तेच विधवा झालं. माझं माहेरचं नाव बकुळा. ते छाप."

"काकू—"

"त्या नावाचा नवरा कुठे मेलाय? त्या विनायकरावाच्या आईला विचार, बकुळाला विटाळ कसला."

मी म्हटलं, हे लपवल्यासारखं होईल. बकुळा म्हणजे कोण, कोणालाच कळणार नाही. सगळं खरं लिहायला हवं, विधवा हा शब्दसुद्धा छापायला हवा, लोकांच्या डोळ्यांसमोर.

"ते तुझं भांडण. तू तुझ्या नावानं भांड. आईनं मला हाक मारली ती बकुळा. त्यात लपवलेलं काय आहे?"

मग म्हणाल्या, लिहून दाखव कसं दिसतं. पाटीवर लिहिलं. तीन अक्षरं. बराच वेळ पाहत राहिल्या. कृष्णा निदान एकदा तांदळात तरी लिहिलं गेलं, म्हणाल्या. हे कोणी कधी लिहिलंच नव्हतं.

पाटी मी पुसायला घेतली, तर हातातून काढून घेतली.

वर येऊन वर्तुळाचा कागद फाडला.

५ फेब्रु., मंगळ.

पत्र पाठवलं. तीन पानांचं एक पान केलं. काकूंना दोनदा वाचून दाखवलं. "ढोंगी" काढायला लावला, "लेखी" ठेवू दिला. उत्तर नाही आलं तर काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा, पण मला विचारल्याशिवाय नाही. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"रा. रा. विनायकराव यांस,

संक्रांतीच्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आपण माझ्या घरी येऊन एका डबीची घडी अमंगळ ठरवली. चौदा दिवसांनी तीच घडी आपण आपल्या नावानं विकायला ठेवलीत. दोन्हींपैकी एक गोष्ट चूक असली पाहिजे. कोणती, ते आपण ठरवावं.

माझं नाव छापण्याची आपली सूचना मला नको. घडी माझी नाही. ती जिला सुचली आणि गंगेतूनही परत जिच्याच हातात आली, तिचं नाव बकुळा. डबीच्या तळाशी आपलं नाव आहे ते काढून तेवढी तीन अक्षरं छापावीत. 'घडी – बकुळा'. पुढे-मागे काही नको, श्रीमती नको, बाई नको. हे जमत नसेल तर ही घडी वापरणं बंद करावं आणि साचाही गंगेत सोडावा. त्याला विटाळ नसल्यामुळे तो बुडेल, एवढंच.

रविवारी रथसप्तमीला आपल्याकडे संक्रांतीचं शेवटचं हळदीकुंकू आहे आणि मला बोलावणं आहे. मी येईन की नाही, आणि आले तर एकटी येईन की नाही, हे आपल्या उत्तरावर आम्ही दोघी ठरवू.

उत्तर शनिवार, ता. ९ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हाती पडावं. लेखी हवं. तोंडी निरोप चालणार नाही, सुशीबरोबर पाठवलेला तिळगूळ चालणार नाही. होय असल्यास होय लिहावं, नाही असल्यास नाही. खाली पूर्ण नावानं सही करावी. आपलं नाव जन्मापासून एकच आहे, तेव्हा त्यात अडचण पडू नये."